पतपारख : व्यापाऱ्याच्या वहीपासून बक्षिसाच्या कार्डापर्यंत

मराठी भाषेंत ‘पत’ हा एक शब्द दोन कामें करतो. बाजारांत माल उधार मिळण्याची जी योग्यता, तिलाहि पत म्हणतात. आणि चार लोकांत माणसाला जो मान असतो, त्यालाहि पतच म्हणतात. ‘त्याची पत गेली’ असें कोणी म्हटलें कीं ऐकणाराच्या मनांत रिकामी तिजोरी आणि खालीं गेलेली मान हीं दोन्ही चित्रें एकदम उभीं राहतात. म्हणूनच नियमित पगार असलेल्या, कोणाचें पैचेंहि देणें न बुडविलेल्या माणसानें क्रेडिट कार्डासाठीं बँकेकडे अर्ज करावा आणि उत्तरादाखल चार ओळींचा नकार यावा, म्हणजे त्याला तो साधा व्यवहार वाटत नाहीं, अपमान वाटतो. आपल्यांत काय उणें आहे, हा प्रश्न त्याला छळतो. वस्तुतः बँकेनें तो प्रश्न विचारलेलाच नसतो. तिचा प्रश्न निराळा असतो. आणि तो निराळा कसा झाला, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंत घडला, कारण बँकेचें क्रेडिट कार्ड आणि त्यावर मिळणारीं बक्षिसें ह्यांची वाढ तिकडेच झाली. परंतु त्याचे परिणाम आज मुंबई-पुण्याच्या घरांपर्यंत येऊन पोहोंचले आहेत.

पूर्वीं उधार देणारा आणि उधार घेणारा हे बहुधा एकाच गांवचे रहिवासी असत. समोरच्याचें घर, शेत, बापाची चालचलणूक, मुलांचें वळण हें सर्व दुकानदाराला गादीवर बसल्या बसल्या ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकांत व्यापाराचा पसारा वाढला आणि न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यावर शेंकडों मैलांवरच्या अनोळखी दुकानदाराला उधारीवर माल देण्याचा प्रसंग येऊं लागला. ओळख सुटली, पण उधारी सुटेना. अशा स्थितींत १८३७ सालीं मोठें आर्थिक अरिष्ट कोसळलें. पेढ्या बुडाल्या आणि दूरदूरच्या गांवीं अडकलेले पैसे परत येईनात. ह्या अरिष्टांत पोळलेल्यांपैकीं एक होता न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी लुइस टॅपन. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींतील हा एक प्रमुख पुढारी. त्यानें १८४१ सालीं ‘मर्कंटाइल एजन्सी’ नांवाची संस्था काढली. गांवोगांवचे वकील आणि इतर जाणते लोक तेथील दुकानदारांची माहिती कळवीत. ती न्यूयॉर्कच्या कचेरींत जाडजूड वह्यांत उतरून घेतली जाई. आणि वर्गणीदार व्यापारी चौकशीला आला कीं कारकून त्याला ती वाचून दाखवी. ह्या वार्ताहरांत पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाहि एक होता. हीच संस्था कालांतरानें प्रतिस्पर्धी ब्रॅडस्ट्रीट संस्थेशीं १९३३ सालीं एक होऊन ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आली.

त्या वह्यांत मालमत्ता आणि कर्ज ह्यांचेच आंकडे नसत. माणूस दारू पितो काय, संसार नीट करतो काय, उद्योगी आहे कीं उधळ्या, असे शेरेहि असत. म्हणजे पत ठरविणारा अजून माणसाच्या स्वभावाचीच परीक्षा करीत होता. फक्त ती आतां ऐकीव गोष्टींवरून होऊं लागली होती. पुढें १८९९ सालीं अटलांटा शहरांत ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ निघाली आणि व्यापाऱ्यांप्रमाणेंच सामान्य कुटुंबांचीहि अशी टिपणें जमूं लागलीं. १९७५ सालीं हीच कंपनी ‘इक्विफॅक्स’ झाली. ह्या पद्धतींत सर्वांत मोठा अन्याय असा कीं ज्याच्याविषयीं लिहिलें जाई, त्यालाच तें वाचण्याचा अधिकार नसे. शेजाऱ्याच्या मनांतली अढी कागदावर उतरे आणि तो कागद माणसाच्या नकळत त्याची वाट अडवून बसे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कार्ड अवतरलें. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें फ्रँक मॅक्नमारा आणि राल्फ श्नायडर ह्यांनीं ‘डायनर्स क्लब’ काढला. त्याच्या सभासदाला उपाहारगृहांत रोख पैसे न देतां कार्ड दाखवून जेवतां येई, मात्र महिन्याचें बिल पुरें भागवावें लागे. आठ वर्षांनीं बँक ऑफ अमेरिकेनें ह्याच्या पुढचें पाऊल टाकलें. सप्टेंबर १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरीं तिनें सुमारे ६०,००० कार्डें टपालानें घरोघर धाडलीं. कोणी अर्ज केला नव्हता, कोणाची चौकशी झाली नव्हती. पाकीट फोडावें आणि बाजारांत जावें! बिल पुरें न देतां हप्त्यानें फेडण्याचीहि मुभा होती, आणि त्यावर व्याज होतें. गिऱ्हाइकें फार तर शेंकडा ४ थकतील असा बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षांत शेंकडा २२ थकलीं. चोरांनीं टपालपेट्या फोडल्या, खोटीं कार्डें निघालीं. पहिल्या सुमारें सव्वा वर्षांत बँकेच्या स्वतःच्या हिशेबीं तोटा ८८ लक्ष डॉलरांवर गेला, आणि योजनेचा प्रमुख जोसेफ विल्यम्स ह्याला पायउतार व्हावें लागलें. तरी बँकेनें धीर सोडला नाहीं. चौकशीची आणि वसुलीची व्यवस्था घट्ट केल्यावर योजना नफ्यांत आली, आणि हेंच कार्ड १९७६ सालापासून ‘व्हिसा’ ह्या नांवानें जगभर ओळखलें जाऊं लागलें.

एका बँकेचा धडा दुसरीला क्वचितच उपयोगी पडतो. १९६६ सालीं शिकागोच्या बँकांनीं नाताळच्या तोंडावर लक्षावधि कार्डें अशींच उधळलीं. तान्ह्या मुलांच्या आणि मेलेल्या माणसांच्या नांवानेंहि कार्डें गेलीं आणि कित्येक वाटेंतच चोरीला गेलीं. अखेर १९७० सालीं कायद्यानें बंदी आली : मागितल्यावांचून कोणालाहि क्रेडिट कार्ड पाठवूं नये. त्याच वर्षीं संमत झालेल्या दुसऱ्या एका कायद्यानें, माहिती जमविणाऱ्या संस्थांच्या दप्तरांत आपल्याविषयीं काय आहे हें जाणण्याचा आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. ह्या दोन कायद्यांमुळें कार्डासाठीं गिऱ्हाइकाचा अर्ज अपरिहार्य झाला. आणि लाखों अर्ज यावयाचे, तर ते तपासण्यासाठीं ठरीव नियम हवेत, हेंहि ओघानेंच आलें.

त्या नियमांची तयारी मात्र आधींपासून चालू होती. १९४१ सालीं डेव्हिड ड्युरँड ह्या अभ्यासकानें जुन्या कर्जांचीं दप्तरें तपासून फेडणारे आणि बुडविणारे ह्यांच्यांत काय फरक दिसतो, ह्याचें गणिती विवेचन प्रसिद्ध केलें. एकाच नोकरींत आणि एकाच घरीं दीर्घकाळ राहणारा माणूस कर्ज फेडण्याचा संभव अधिक, असे निष्कर्ष त्यांतून निघाले. १९५६ सालीं बिल फेअर हा एंजिनियर आणि अर्ल आयझॅक हा गणिती ह्यांनीं प्रत्येकीं ४०० डॉलर घालून कॅलिफोर्नियांत एक लहानशी कंपनी काढली. दोन वर्षांनीं त्यांनीं पन्नास सावकारी कंपन्यांना पत्रें लिहून आपली पद्धति समजावून सांगण्याची तयारी दर्शविली. उत्तर आलें फक्त एकीचें. ती पद्धति अशी : अर्जांतील प्रत्येक उत्तराला पूर्वानुभवावरून कांहीं गुण ठरवावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरीज ठराविक मर्यादेच्या वर गेली तर होकार, खालीं राहिली तर नकार. परीक्षकाच्या मर्जीला ह्यांत जागा उरत नाहीं, हा तिचा गुण. परंतु बेरीज शेवटीं पूर्वानुभवाचीच असते. ज्यांना पूर्वीं कोणी कर्जच दिलें नाहीं, त्यांच्याविषयीं पूर्वानुभव तो कोठून येणार? हा तिचा दोष, आणि तो अद्याप पुरता नाहींसा झालेला नाहीं.

ह्या दोषाचा फटका सर्वांत अधिक बसला तो स्त्रियांना. १९७२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्राहक-अर्थ आयोगापुढें ज्या साक्षी झाल्या, त्यांतून एक विलक्षण चित्र जगापुढें आलें. मिळवत्या पत्नीचें उत्पन्न कांहीं ठिकाणीं निम्मेंच धरलें जाई, कांहीं ठिकाणीं मुळींच नाहीं. कारण काय, तर उद्यां तिला मूल होईल आणि ती नोकरी सोडील. कार्ड पतीच्या नांवावर, आणि देणें वर्षानुवर्षें वेळेवर फेडल्याची कीर्तिहि त्याच्याच नांवावर. त्यामुळें वैधव्य किंवा घटस्फोट वांट्याला आलेल्या बाईला आपली पत शून्यापासून उभारावी लागे. चारित्र्याची परीक्षा जाऊन गणित आलें होतें खरें, परंतु त्या गणितांत कोणता आंकडा धरावयाचा हें जुने पूर्वग्रहच ठरवीत होते.

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यांत लुइझियानाच्या प्रतिनिधि लिंडी बॉग्ज ह्यांचा वांटा मोठा आहे. त्यांचे पति, काँग्रेसचे पुढारी हेल बॉग्ज, १९७२ सालीं अलास्कांत विमानासह बेपत्ता झाले आणि पुढील वर्षीं बाई त्यांच्या जागीं निवडून आल्या. समान पतहक्काच्या विधेयकाचा मसुदा समितीपुढें आला, तेव्हां स्त्री-पुरुषभेद आणि वैवाहिक स्थिति ह्यांचा त्यांत उल्लेखच नव्हता. बाईंनीं ते शब्द स्वहस्तें लिहिले, शेजारच्या यंत्रावर प्रती काढल्या आणि, हें केवळ नजरचुकीनें राहून गेलें असावें असें गोड शब्दांत सांगत, त्या सभासदांना वांटल्या. दुरुस्ती मान्य झाली. २८ ऑक्टोबर १९७४ रोजीं कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. १९७६ सालीं त्यांत वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, वय इत्यादि भेदांचीहि भर पडली, आणि एक महत्त्वाचें कलम आलें : अर्ज नाकारल्यास नकाराचीं कारणें मिळण्याचा अर्जदाराला हक्क आहे. आज बँकेच्या नकारपत्रांत ज्या दोन-चार शुष्क ओळी दिसतात, त्यांच्यामागें हा सारा झगडा उभा आहे. त्या ओळी उपचार म्हणून वाचून फेंकून देण्यासारख्या नाहींत.

१९८९ सालीं फेअर-आयझॅक कंपनीनें सर्व सावकारांना वापरतां येईल असा एकच गुणांक प्रचारांत आणला. त्यालाच फायको स्कोअर म्हणतात. त्याच्या प्रचलित प्रकाराची व्याप्ति ३०० ते ८५०. कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार त्यांत वेळेवर फेड करण्याला शेंकडा ३५ भाग, देणें किती आणि मर्यादेच्या मानानें किती वापरलें ह्याला ३०, पतव्यवहार किती जुना आहे ह्याला १५, आणि नवे अर्ज व कर्जांचे विविध प्रकार ह्यांना प्रत्येकीं १० भाग असतात. ह्यांत पगार कोठेंच नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पगार बँक अर्जावरून निराळा पाहते. म्हणजे भरपूर मिळविणाऱ्याचा गुणांक कमी आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाचा गुणांक उत्तम, असें सहज घडूं शकतें.

येथपर्यंतचा प्रश्न एकच होता : हा मनुष्य पैसे परत करील काय? बक्षिसाच्या कार्डानें त्यापुढें दुसरा प्रश्न उभा केला. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमानकंपनीनें नेहमींच्या प्रवाशांना मैलांच्या हिशेबानें फुकट प्रवास देण्याची योजना काढली. १९८६ सालीं सीअर्स ह्या दुकानदारी कंपनीनें ‘डिस्कव्हर’ कार्ड आणलें. त्याला वार्षिक फी नव्हती, उलट खर्चाचा कांहीं अंश गिऱ्हाइकाला रोख परत मिळे. १९८७ सालीं सिटीबँकेनें विमानाचे मैल आणि कार्ड ह्यांची सांगड घातली. तेव्हांपासून रिवॉर्ड पॉइंट हा शब्द रूढ होत गेला.

हीं बक्षिसें येतात कोठून? कार्डावर शंभर डॉलरांची खरेदी झाली कीं दुकानदाराच्या हातीं पुरे शंभर पडत नाहींत. दोनेक डॉलर, कधीं अधिक, मध्येंच कापले जातात आणि त्यांतील मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुसरें उत्पन्न म्हणजे बिल पुरें न भागविणाऱ्यांकडून मिळणारें व्याज. ह्या व्याजाला १९७८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानें मोकळी वाट करून दिली : बँक ज्या राज्याची, तेथील व्याजदर तिला अन्य राज्यांतील गिऱ्हाइकांनाहि लावतां येईल, असें न्यायालयानें ठरविलें. सिटीबँकेनें लागलीच आपला कार्डांचा कारभार व्याजमर्यादा उठविणाऱ्या साउथ डकोटा राज्यांत हलविला. दुकानदार कापला गेलेला पैसा मालाच्या किंमतींत चढवितो, आणि ती किंमत रोख देणारा गरीबहि भरतो. फेडरल रिझर्व्हमधील आणि इतर कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असा अंदाज आहे कीं, अमेरिकेंत बक्षिसांच्या योगें दरसाल सुमारें १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून श्रीमंत वस्त्यांकडे वाहत जातात. बक्षीस हें बँकेचें औदार्य नव्हे. एकाच्या ताटांतून दुसऱ्याच्या ताटांत वाढलेला तो घांस आहे.

हें लक्षांत घेतलें म्हणजे बँकेचा दुसरा प्रश्न आपोआप कळतो : हा मनुष्य आपल्याला किफायतशीर पडेल काय? १९८८ पासून रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस ह्यांनीं सिग्नेट बँकेंत निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या अटी देऊन कोणापासून किती नफा होतो ह्याचे हजारों प्रयोग केले. त्यांतूनच १९९४ सालीं ‘कॅपिटल वन’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. ह्या धंद्याच्या बोलींत एक शब्द रूढ झाला, तो मोठा बोलका आहे. इंग्रजींत देणें बुडविणाऱ्याला हेटाळणीनें ‘डेडबीट’ म्हणतात. कार्डाच्या धंद्यांत मात्र दरमहा पै न् पै चुकवून व्याज न देणाऱ्या गिऱ्हाइकालाच हें नांव मिळालें! टॅपनच्या वहींत ज्याच्यापुढें उत्तम शेरा पडला असता, तोच येथें नडका ठरला.

त्यांतून नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच खर्चावर भरघोस बक्षीस देण्याची चढाओढ लागली, आणि बक्षिसापुरतें कार्ड घेऊन तें बंद करणारे चतुर लोकहि निर्माण झाले. त्यांना आवर घालण्यासाठीं बँकांनीं नवे निर्बंध आणले. २०१४ सालीं अमेरिकन एक्स्प्रेसनें एका प्रकारच्या कार्डाचें स्वागत-बक्षीस जन्मांत एकदांच, अशी अट घातली. २०१५ च्या सुमारास चेस बँक, मागील २४ महिन्यांत कोणत्याहि बँकांचीं पांच वा अधिक कार्डें घेतलेल्यांचे अर्ज नाकारते, असें अर्जदारांच्या अनुभवाला येऊं लागलें. गुणांक उत्तम, मिळकत भरपूर, तरी नकार, ह्या कोड्याचा उलगडा पुष्कळदां येथें होतो. असा माणूस पैसे फेडील ह्याविषयीं बँकेला शंका नसते. तो बक्षीस घेऊन जाईल आणि मागें कांहीं ठेवणार नाहीं, हें तिचें भय असतें. कधीं कधीं तर कारण ह्याहूनहि साधें असतें : त्याच बँकेनें त्याला आधींच दिलेली पतमर्यादा तिच्या हिशेबीं पुरेशी असते.

केवळ नफ्याचा विचार करणाऱ्या धंद्याला पहिल्या प्रश्नाची आठवण कायद्यानें पुन्हां करून दिली. मे २००९ मध्यें अमेरिकेंत संमत झालेल्या कार्डविषयक कायद्यानें अर्जदाराची फेडण्याची कुवत पाहणें बँकांवर बंधनकारक केलें. २१ वर्षांखालील तरुणाला स्वतःची मिळकत किंवा जामीन दाखवावा लागूं लागला. परंतु ह्या चांगल्या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नियमाची अंमलबजावणी स्वतंत्र मिळकतीच्या काटेकोर अर्थानें होऊं लागतांच, घर सांभाळणाऱ्या गृहिणीच्या वाटेंत जुनाच अडसर पुन्हां आला. २०१३ सालीं नियम सुधारून, २१ वर्षांवरील अर्जदाराला वापरण्यास वाजवीपणें उपलब्ध असलेली घरांतील मिळकत अर्जांत दाखवितां येईल, असें ठरलें. १९७४ सालीं सुटलेला प्रश्न चाळीस वर्षांनीं पुन्हां सोडवावा लागला! नियम कितीहि गणिती दिसला, तरी तो कोणाच्या घरांत कसा लागू होतो हें पाहणारे डोळे लागतातच.

हिंदुस्थानांत ही वाटचाल पुष्कळ कमी काळांत झाली. २००० सालीं मुंबईंत सिबिल ही पतमाहिती संस्था स्थापन झाली. २००५ सालीं अशा संस्थांविषयींचा कायदा आला. आणि ३०० ते ९०० पर्यंतचा गुणांक शहरी कुटुंबांच्या बोलण्यांत रुळला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळें २०१७ पासून प्रत्येकाला आपला अहवाल वर्षांतून एकदां विनामूल्य मिळूं लागला. २०२२ च्या आदेशानें, मागितल्यावांचून कार्ड देण्यास मनाई केली आणि अर्ज नाकारल्यास नेमकें कारण लेखी कळविण्याचें बंधन घातलें. फ्रेस्नो आणि शिकागो येथें जें अनेक वर्षांच्या ठेंचा खाऊन उमगलें, तें येथें आयतें हातीं आलें आहे; तें वापरणें एवढेंच काम उरतें. नकार आला तर कारण मागून घ्यावें. अहवाल मागवून आपल्या नांवावर परक्याचें कर्ज चढलें नाहीं ना, फिटलेलें कर्ज थकलेलें दाखविलें नाहीं ना, हें पाहावें, आणि चूक असल्यास लेखी हरकत घ्यावी. एका नकारानें चिडून चार बँकांकडे एकदम अर्ज करूं नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालांत नोंदली जाते आणि अशा नोंदींची गर्दी पाहून पांचवी बँक बिचकते. आणि बक्षिसाच्या लोभानें बिल मागें ठेवूं नये. एका महिन्याचें व्याज त्या महिन्याचें बक्षीस गिळून टाकतें.

ह्या सर्व इतिहासाचें तात्पर्य हें कीं, कार्डाच्या अर्जावर आज दोन प्रश्नांचा निकाल लागतो : पैसे परत येतील काय, आणि नफा होईल काय? पहिल्याचें उत्तर माणसाच्या वागणुकीवर अवलंबून आहे आणि तें सुधारणें त्याच्या हातीं आहे. दुसरें उत्तर बँकेच्या हिशेबाचें आहे. त्यांत कोणाच्या सचोटीचा निवाडा नसतो. मराठी भाषेनें एकाच शब्दांत बांधलेले दोन अर्थ बँकेच्या दप्तरांत केव्हांच अलग झाले आहेत. बँकेनें नाकारलेली पत निराळी आणि चार लोकांत सांभाळलेली पत निराळी, इतका विवेक राखला, म्हणजे नकाराचें पत्र शांतपणें वाचतां येतें आणि होकाराचें पत्रहि सावधपणें.